खदान घरात आणू नका

भाद्रपद उतरायला लागला की विरारला फुलपाड्याच्या रस्त्यावर पुन्हा डंपर सुरू होतात. चिखलात रुतलेली बांधकामं एकदम जागी होतात आणि रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग पडतात. काळे, ओलसर, टोकदार. ऊन तापलं की त्यातून बारीक वाफ निघते. लोक नाकाला रुमाल लावून जातात, स्कूटर घसरली की शिव्या देतात. मी मात्र प्रत्येक ढिगापाशी हळू होते. ढिगाकडे बघायचं नाही असं ठरवलेलं असतं. बघितलं तर नजर एकेका दगडावर अडकते आणि शाळेला उशीर होतो.

शाळेत मी शिकवायला जाते. बी.ए. आहे मी, इंग्रजी घेऊन. आमच्या घराण्यात भात लावणारे झाले, डोंगर फोडणारे झाले, पदवी घेणारी मी पहिली. हे सांगितलं की काहींना वाटतं ही मिरवते. मिरवतेच. ज्यांच्या घरी तीन पिढ्यांच्या डिग्र्या भिंतीला टांगल्यात त्यांनी नाही मिरवलं तरी चालतं.

कॉलेजात असताना स्टोन हा शब्द माझ्या मागे लागला होता. डिक्शनरी उघडली तर त्याचा अर्थ संपेचना. अंगठीतला खडा तोच, पोटातला तोच, फळाच्या आतली कोय तोच, थडग्यावरची शिळा तोच, आणि माणसाचं वजन सांगायचं मापही तोच. मला त्या भाषेची थोडी कीव आली. आमच्या घरात दगडाला दगड क्वचितच म्हणत. नदीतला तो गोटा. नांगराला आडवा येतो तो धोंडा. घाव घातल्यावर डोळ्यात उडते ती कपची. यंत्रातून पडते ती खडी, आणि तिच्या खाली उरतो तो कच. भातात दाताखाली येतो तो खडा. शेंदूर लागला की कुठलाही देव. आणि माणूस गेल्यावर दहाव्यापर्यंत ज्याच्यात त्याला ठेवतात तो जीवखडा. हा शेवटचा शब्द मी त्या जाड डिक्शनरीत बऱ्याच वाटांनी शोधला. सापडला नाही. तेव्हा गंमत वाटली होती. म्हटलं, बघा, एवढी मोठी भाषा आणि हिच्याकडे हे नाही.

आता भाद्रपद आला की तो शब्द गमतीचा राहत नाही.

आमचं जुनं घर डोंगराच्या पायाशी होतं. मी लहान असताना डोंगर पुरता होता. म्हणजे एका बाजूनं खाल्लेला होता, पण समोरून बघितलं तर कळायचं नाही. बाबा त्याच खाल्लेल्या बाजूला कामाला. दुपारी खदानीवर भोंगा वाजायचा, लाल फडकं वर चढायचं आणि वाटेवरची माणसं जिथल्या तिथं थांबायची. मग सुरुंगाचा बार उडायचा. आवाज कानाला नंतर यायचा, आधी पायाला यायचा. आई भोंगा ऐकला की हातातलं टाकून भांड्यांच्या मांडणीपाशी जायची आणि दोन्ही हात पसरून पितळी डबे धरून उभी राहायची, एखाद्या भेदरलेल्या जनावराला धरावं तसे. बार उडून गेला की डबे सोडायची आणि पुन्हा भाकरी थापायला बसायची. बाबा वर आहेत, धडधाकट आहेत की नाहीत, यावर एक शब्द नाही. संध्याकाळी ते दारात दिसले की तिचा आवाज एक पट्टी वर चढायचा, एवढंच.

दारात दिसले की पहिलं काम ठरलेलं. आत पाऊल टाकायच्या आधी आई त्यांच्या सदऱ्याचे खिसे उलटे करायची. खिशात कपच्या असायच्या, कच असायचा, कधी मुठीएवढा तुकडासुद्धा. तो कसा आला ते बाबांनाही सांगता यायचं नाही. ती पंचा झटकायची, दगड अंगणापलीकडे भिरकावायची आणि म्हणायची, "खदान घरात आनू नका. किती वेळा सांगायचं."

"मी कुठं आनतो," बाबा म्हणायचे. "तीच येते माज्या मागनं."

पुढे बाबांच्या पोटात दुखायला लागलं. विरारच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं, काका, स्टोन आहे. बाबा खाटेवरून उठता उठता आईकडे वळले. "बघ. जनमभर मी त्याला फोडला, आता तो मला फोडायला आत शिरला."

"पानी पीत नाय, मंग काय होनार," आई म्हणाली. "नि डॉक्टरसमोर तरी गप बसा."

खूप पाणी प्यायल्यावर तो खडा पडला. मुगाच्या दाण्याएवढा, तपकिरी. बाबांनी तो काडेपेटीत ठेवला आणि आल्यागेल्याला दाखवायला लागले, हा माझ्या स्वतःच्या खदानीतला माल. नातेवाईक नाक मुरडत बघायचे, बघायचे मात्र सगळे. एक दिवस काडेपेटी रिकामी दिसली. "कुठे गेला," बाबांनी विचारलं. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "टाकला. घरात खदान नको सांगितलंय ना."

आम्ही पोट धरून हसलो होतो त्या दिवशी. घर पाडून बिल्डिंग झाली, आम्हाला चौथ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला, खदान बंद पडली, तरी तिची ती सवय सुटली नाही. बाबा रिटायर माणूस, पांढरा लेंगा घालून नाक्यावर चहा प्यायला जायचे. आल्यावर आई त्यांचे खिसे उलटे करायचीच. आतून चण्याची सालं निघायची. दुपारची ती वेळ झाली की अजूनही उठून मांडणीला हात लावायची. आता मांडणी स्टीलची, भिंतीला ठोकलेली. मी एकदा म्हटलं, "आई, खदानीत आता पाणी भरलंय, बार कुठला उडतोय." तिनं माझा हात धरला आणि डब्यावर ठेवला. डबा थरथरत होता. खालच्या रस्त्यानं डंपर गेला असेल. मी गॅलरीत जाऊन बघितलं नाही.

बाबांची छाती भरत गेली ती हळूहळू. एक्स-रे उजेडाला धरला तर भाताच्या कण्या सांडल्यासारखे पांढरे ठिपके. डॉक्टर म्हणाले, दगडाची भुकटी आहे, आत बसलीये, निघायची नाही. शेवटच्या पावसात बाबा दोन शब्द बोलायचे आणि थांबायचे. गणपती गेले आणि मागोमाग तेही गेले, भर दुपारी, उशीला टेकून बसल्या बसल्या. चेहऱ्यावरून वाटेल की काहीतरी ऐकतायत.

मी स्मशानात गेले होते. बायकांनी जायचं नसतं असं दोघातिघांनी सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि गेले. स्मशानाचं काम नुकतंच झालेलं. वर पत्र्याची शेड, बसायला बाक, हात धुवायला नळ, खाली सगळीकडे लाल-करडे पेव्हर ब्लॉक. माझा धाकटा भाऊ नितेश खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन उभा राहिला. प्रदक्षिणा घालताना त्या मडक्याला दगडानं भोक पाडायचं, आणि ज्या दगडानं पाडलं तो उचलून ठेवायचा. तोच जीवखडा. दहाव्यापर्यंत गेलेल्या माणसाचा जीव त्यात असतो असं आमच्यात मानतात. रोज त्याला तीळपाणी द्यायचं आणि दहाव्याला पाण्यात सोडायचा. मग तो सुटतो.

गुरुजी म्हणाले, "एक दगड द्या."

सगळे खाली बघायला लागले. ब्लॉकच्या फटींत गवतसुद्धा नव्हतं. आमचे चुलते इकडेतिकडे फिरून आले आणि म्हणाले, "दादाचा जनम गेला दगडात, नि आता एक मिळना." कुणीतरी हसलं आणि लगेच खोकला काढला. शेवटी नितेशनं मडकं चुलत्यांच्या हाती दिलं, कंपाउंडच्या भिंतीवरून हात घातला आणि पलीकडे कुठल्यातरी कामासाठी टाकलेल्या ढिगातून खडीचा एक तुकडा काढून आणला. मडकं फुटलं. पाण्याची धार त्याच्या पाठीवरून उतरली.

घरी आलो तेव्हा आई दारातच बसली होती. नितेशनं पंच्याच्या टोकाला बांधलेला दगड बघितला आणि तिनं विचारलं, "कुठनं आनलास?"

"तिथूनच."

"हा फोडलेला हाय."

"दगड आहे आई."

"नदीतला गोटा आपल्या जागी गप बसतो," ती म्हणाली. "फोडलेला बसत नाय. तो आपला डोंगर हुडकत राहतो." आणि उठून आत गेली. मी ते दुःखातलं बोलणं समजले.

जीवखडा घरात घ्यायचा नसतो. जुनं घर असतं तर अंगणातल्या आंब्याला टांगला असता. चौथ्या मजल्यावर आंबा कुठला. पॅसेजमध्ये खिळा ठोकायला नितेश निघाला, तर सोसायटीचे सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, "तुमचं दुःख समजतं मला, पण इथे नको, लहान मुलं घाबरतात." तेव्हा गॅलरीच्या गजांना बाहेरच्या बाजूनं पंच्याची गाठोडी बांधली. खाली शेजारच्या प्लॉटवर नव्या टॉवरचं काम चाललेलं, पायाच्या सळया वर आलेल्या, पुढ्यात खडीचा ढीग. चौथ्या मजल्यावर एक दगड लोंबतोय आणि खाली त्याचीच हजारो भावंडं पसरलेली. मला ते बघवायचं नाही. मी गॅलरीचं दार लोटून घ्यायचे.

ते दिवस कोंदट होते. पाऊस थांबलेला, वारा नाही, समोरच्या उरल्यासुरल्या शेतात भात पोटरीला आलेलं आणि त्याचा दुधट वास चौथ्या मजल्यापर्यंत यायचा. झाडाचं पान हलत नसताना गाठोडी मात्र डुलायची. जोरात नाही. झोपेत माणूस पाय हलवतो तेवढीच. आणि रोज सकाळी तिच्या बरोबर खाली, गॅलरीच्या कठड्यावर, राखाडी भुकटीची एक बारीक रेघ पडलेली असायची. नितेश म्हणायचा शेजारच्या कामाची धूळ आहे. असेल. पण मग ती सगळ्या कठड्यावर पडायला हवी होती. आई काही न बोलता ती रेघ ओल्या फडक्यानं पुसायची. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा असायची. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आई पुसताना पुटपुटायला लागली. काय ते मला ऐकू यायचं नाही, सूर मात्र ओळखीचा होता. बाबा कामावरून आल्यावरचा, एक पट्टी वर चढलेला.

दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपार कलल्यावर मी स्वयंपाकघरात तीळ निवडत होते. गॅलरीतून पंचा झटकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आई म्हणाली, "खदान घरात आनू नका. किती वेळा सांगायचं."

ते ऐकून मला आधी बरं वाटलं. घरात काहीतरी नेहमीसारखं चाललंय असं वाटलं. एक-दोन श्वास मी तशीच तीळ निवडत राहिले. मग ताट ठेवून धावले.

आई गजांपाशी उभी होती. एका हातात उलगडलेला पंचा. दुसरा हात बाहेर, फेकून झाल्यावर राहतो तसा. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे.

"मना वाटलं ते आले," ती म्हणाली.

खाली खडीचा ढीग होता. त्यातला प्रत्येक दगड आमचा वाटत होता.

नितेश आणि मी जिन्यानं धावत उतरलो. टॉवरच्या वॉचमननं अडवलं नाही, फक्त एवढंच सांगितलं की जे शोधायचं ते आज शोधा, उद्या स्लॅब आहे, सकाळी सगळा माल मिक्सरमध्ये जाणार. आम्ही ढिगाच्या आमच्या बाजूचे दगड उचलून बघायला लागलो. काय बघत होतो देव जाणे. त्या दगडावर खूण नव्हती. काळा होता, मुठीएवढा होता, एक कोपरा तिरका उडालेला. ढिगातल्या सगळ्यांचेच कोपरे उडालेले. थोड्या वेळानं नितेश गुडघ्यांवर बसला आणि त्यानं गुरुजींना फोन लावला. स्पीकरवर गुरुजी शांतपणे म्हणाले, "होतं असं कधी कधी. दुसरा दगड घ्या, मी मंत्रांनी पुन्हा आवाहन करतो. शास्त्रात सोय आहे."

"शास्त्राची सोय हाय," मागून आवाज आला. आई खाली आली होती. बाबा गेल्यापासून ती दाराबाहेर पडली नव्हती. "त्यांची काय सोय? दुसरा बुडवला तर दुसरा सुटंल. हे राहतील हितंच. उद्या त्या पिंपात फिरतील नि कुठच्यातरी लादीत गाडले जातील. जनमभर त्यात होते, आता मेल्यावर पन त्यातच?"

गुरुजी काहीतरी बोलत होते. नितेशनं फोन बंद केला.

आई ढिगासमोर बसली, फतकल मारून, बाजारात वाटे लावून बसतात तशी. एकेक दगड उचलायचा, तळहातावर धरायचा, खाली ठेवायचा. सावली पडलेली होती, दगड गार आणि दमट. आम्ही तिच्या दोन बाजूंना उभे. कामगार लांबून बघत होते, कुणी हसत नव्हतं. बऱ्याच वेळानं तिनं हात थांबवले. ढिगाकडे बघून म्हणाली, "अहो." मग गप्प राहिली. जणू उत्तराला वेळ दिला. आणि मग तिनं नाव घेतलं. बाबांचं नाव तिनं उखाण्याबाहेर कधी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. तेही तिनं अहोजाहोत नाही घेतलं, त्यांची आई हाक मारत असेल तसं घेतलं.

"महादू."

ढिगाच्या माथ्यावरची खडी सरकली. खडी सरकतेच, तिला बसायला जागा नसते. थोडे दगड गडगडत आले, बाकीचे मध्येच थांबले, एक तिच्या पायाच्या अंगठ्याला लागून थांबला. आईनं तो उचलला आणि सरळ माझ्या हातात दिला. "हे."

"आई, खात्री आहे?" नितेशनं विचारलं.

"आख्खा संसार ह्यांचे खिसे उलटे करन्यात गेला माजा," ती म्हणाली आणि गुडघ्यांवर हात टेकून उठली.

दगड कोमट होता. आजूबाजूचे सगळे गार असताना तो कोमट होता. तिच्या हाताची ऊब असेल असं मी स्वतःला समजावलं. पण तिनं तो उचलला आणि माझ्या हातात दिला यांच्यात ऊब लागायला वेळच नव्हता. पदवी घेतलेल्या माणसाला अशा वेळी काहीतरी सुचायला हवं. मला सुचलं नाही. मी पदर पुढे घेतला आणि त्यात तो गुंडाळला.

दहावा खाडीवर झाला. पिंडाला कावळा पटकन शिवला, गुरुजी खूश, चुलत्यांनी डोळे पुसले. नितेश घरी आला तेव्हा आईनं पहिला प्रश्न केला. "बुडाला?"

"दगड आहे, बुडणारच."

"लगेच बुडाला का थांबला?"

नितेश पायाचा चिखल धुवायला वळला. "लगेच," म्हणाला.

खरं त्यानं मला पुढच्या दिवाळीत सांगितलं. ओहोटी लागली होती. पाणी घोट्याएवढं. त्यानं जेवढा लांब फेकता येईल तेवढा फेकला, तरी दगड चिखलाच्या कडेला पाण्यात दिसत राहिला. गुरुजी म्हणाले भरतीला जाईल, चला. तो निघाला आणि वळून बघितलं नाही, कारण वळून बघायचं नसतं.

त्या दिवशी इकडे स्लॅब पडत होता. आई सकाळपासून गॅलरीत होती. मिक्सरचं पिंप फिरत होतं, बायका घमेली चढवत होत्या. ढीग दुपारपर्यंत निम्मा झाला, संध्याकाळी जमिनीवर फक्त कच राहिला. तेव्हापासून टॉवरचा मजला चढला की तिची नजर त्याच्याबरोबर वर चढायची. पहिला, मग दुसरा. हळूहळू आमच्या गॅलरीतून दिसणारा डोंगराचा उरलेला तुकडा त्याच्यामागे गेला. लोक म्हणतात विरारचा डोंगर संपला. कुठला संपतो. इथल्या प्रत्येक भिंतीत तो आहे, आपण त्याच्या पोटात गाद्या घालून झोपतो. दुपारी बिल्डिंग शांत असते, पंखा बंद असतो, तेव्हा मला कधी कधी भिंतीला कान लावावासा वाटतो. मी लावत नाही.

कॉलेजातली माझी मैत्रीण ग्रेसी, वसईच्या पश्चिमेकडच्या गावातली, तिला मी हे सगळं सांगितलं होतं. तिनं मला नोव्हेंबरात त्यांच्या सिमेतरीत नेलं. तिच्या आजीच्या थडग्यावर काळा दगड, त्यावर नाव, दोन तारखा, पुढ्यात मेणबत्त्या. ती म्हणाली, "आमचं बरं हाय बग. दगुड जागेवर असते. माणूस कुटं हाय ते कळते." मला हेवा वाटला. मग वाटलं, एवढं ठाम माहीत असणंही जड जात असेल. ग्रेसीनं मेणबत्ती पेटवली, दुसरी माझ्या हातात दिली. "तुज्या पप्पासाटी पन लाव. आमची आजी काय नाय बोलायची." मी लावली. मेण दगडावर ओघळलं. बाबा तिथे नव्हते हे मला कळत होतं, आणि कुठे नव्हते ते कळण्यातही थोडा आधार असतो.

टॉवर पूर्ण झाला. झालर सुटल्यासारखे त्याचे बांबू उतरले, खिडक्यांना पडदे लागले. यंदा गणपतीच्या आधी तिथे बरीच कुटुंबं आली. सावंत काकू त्यातल्याच. परळची चाळ सोडून आलेल्या. मी टीचर आहे कळल्यापासून भाजीवालीपाशी गाठून बोलतात. एकदा दुधी हातात तोलत त्या म्हणाल्या, "टीचर, तुम्ही इथल्या जुन्या ना? एक विचारू? हसू नका हं. आमच्या हॉलच्या फरशीखालून दुपारचं कोणीतरी ठोकतं."

"खालच्यांचं काम चालू असेल."

"तेच म्हटलं मी. खाली जाऊन विचारलं, तर ते म्हणतात, अहो आम्हीच तुमच्याकडे येणार होतो, आम्हाला वरून येतं." दुधी त्यांनी परत टोपलीत ठेवला. "मिस्टर म्हणतात लोखंड तापतं. तापत असेल. पण लोखंडाला काय असं मापात तापता येतं?"

"कितवा मजला तुमचा?" मी विचारलं. त्यांनी सांगितला. मी हिशेब केला नाही. कुठल्या दिवशी कुठला स्लॅब पडला ते मला आठवत नव्हतं. ते आईला आठवत असणार, आणि म्हणून हे तिच्यापर्यंत जायला नको होतं. तिनं एक दगड निवडला होता आणि त्या एका दगडावर तिची झोप उभी होती. तो चुकीचा निघाला तर ती म्हातारी रोज गॅलरीत बसून समोरच्या भिंतीत नवऱ्याला ऐकत राहणार.

मी लपवलं. पण सावंत काकूंना पोटात ठेवता येत नाही. पितृपक्ष लागला आणि त्यांनी गिरणीवर आईलाच गाठलं. मी शाळेतून आले तेव्हा आई चपला घालून दारात बसली होती. जेवली नव्हती.

"मना घेऊन चल," ती म्हणाली.

"आई, लोखंड तापतं ते."

"बरं. मना तापलेलं लोखंड ऐकव."

सावंत काकूंचा हॉल चकचकीत, फरशी आरशासारखी. आईनं सोफ्यावर बसायला नकार दिला, खाली बसली आणि तळहात फरशीवर टेकला. काकूंनी सरबत आणलं, ते तसंच राहिलं. बाहेर ऊन जळत होतं. बराच वेळ काही नाही. मग आलं. फार खोलातून, छिन्नीवर हातोडा बसावा तसं. एक ठोका. जरा अंतर. एक ठोका. त्याच अंतरानं पुन्हा. काकूंनी माझा दंड धरला. मी आईच्या चेहऱ्याकडे बघत होते, दुसरीकडे कुठे बघायची माझी हिंमत नव्हती.

आईनं डोळे मिटले होते. ठोके येत राहिले आणि ती ऐकत राहिली. मग तिच्या छातीतून एक लांब श्वास निघाला, डोक्यावरचा भरलेला हारा उतरवल्यावर निघतो तसा.

"हे आमचे नाय," ती म्हणाली.

"म्हणजे?" काकूंनी कुजबुजत विचारलं.

"मी डबा घेऊन जायची तवा खालनंच कळायचं मना, कुठच्या कड्याला हायत. आमचे दोन ठोके मारून दम घेत. मागाहून तर एक मारला की थांबत." तिनं फरशीवरचा हात अजून उचलला नव्हता. "ह्याला दम लागत नाय. हा तरना हाय कोनतरी."

काकू मागे सरकून सोफ्यावर बसल्या. "कोण... कोण आहे मग आजी?"

"कोन ते कसं सांगू बाय. डोंगर काय आमच्या एकट्यानं फोडला."

येताना जिन्यावर ती माझ्या खांद्याला धरून उतरली. घरी आल्यावर जेवली, दोन वेळा भात घेतला, आणि त्या दुपारी मी तिला कित्येक दिवसांनी घोरताना ऐकलं.

सर्वपित्रीला तिनं पहाटेच खीर चढवली. वडे, लाल भोपळ्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, आमसुलाची चटणी, सगळं बाबांच्या आवडीचं. मी गच्चीवर न्यायला केळीचं पान मांडलं, वाढायला घेतलं.

"अजून एक पान आन," आई म्हणाली.

"कुणाच्या नावानं?"

"नाव कुठनं आनू. वाढ तू. तरन्या मानसाला वाढतात तसं वाढ, भात जास्ती घाल."

दोन्ही पानं घेऊन आम्ही वर गेलो. गच्ची तापली होती. बाबांच्या पानावर कावळा लगेच उतरला, वडा उचलून टाकीवर जाऊन बसला. दुसऱ्या पानाकडे कुणी फिरकलं नाही. आम्ही वाट बघितली. खीर सुकायला लागली, भातावरची वाफ गेली. समोर टॉवरच्या खिडक्या उन्हात पांढऱ्या झालेल्या, एकही माणूस दिसत नव्हता. मी म्हटलं, चल आई, ऊन लागेल.

तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि कठड्यापाशी गेली. टॉवरकडे तोंड करून, खदानीवर डबा पोचवल्यावर खालून हाक मारायची असते तेवढ्या आवाजात म्हणाली, "बस कर पोरा आता. जेवून घे."